रतिलालचा अविश्वास

रतिलाल पाटलाबद्दल चांगलं बोलायचं असेल तर मला वीस वर्षं मागे जावं लागतं. तेवढं एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना कोणी म्हणायला नको की ही शेठाणी पहिल्यापासून त्याच्यावर जळत होती.

मी लग्न होऊन सोनमळ्यात आले तेव्हा जालमसिंग सरपंच होता. आमचं किराणा दुकान ग्रामपंचायतीच्या अगदी समोर, त्यामुळे गावाचं राजकारण मला आल्या दिवसापासून दिसायला लागलं. माझं माहेर नवापूरचं. तिथं नळाला पाणी होतं. इथं चैत्र लागला की बायका हंडे घेऊन गोमाईच्या कोरड्या पात्रात झिरे खणायच्या. गावाची पाणीपुरवठ्याची विहीर होती, मोटर होती, आणि त्या विहिरीचं पाणी चोरपाइपाने जालमसिंगच्या उसात जात होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच्या दारात चार धटिंगण पोसलेले असायचे. बोलणार कोण?

रतिलाल बोलला. तेव्हा तो पस्तिशीचा असेल. उंच, काळासावळा, आवाज असा की ग्रामसभेत माईक लागायचा नाही. पहिल्यांदाच सदस्य झालेला. त्याने भर सभेत विचारलं, "सरपंच, गावनी विहीर तुन्हा बापनी शे का?" दुसऱ्या दिवशी जालमसिंगच्या माणसांनी त्याला एसटी थांब्यावर गाठून लाकडी दांड्याने मारला. उजवा हात मोडला. आठवड्याभराने तो प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून, बाकीच्या सदस्यांना जीपमध्ये घालून तहसीलला गेला आणि अविश्वास ठरावाची नोटीस देऊन आला. तोवर गावातल्या बहुतेकांना असं काही करता येतं हेच माहीत नव्हतं. सरपंच निवडला की पाच वर्षं तो म्हणेल ते ऐकायचं, एवढंच लोकांना कळत होतं.

ठराव पास झाला. तहसीलदार निघून गेल्यावर रतिलाल तसाच विहिरीवर गेला. डाव्या हाताने त्याने हेक्सॉ ब्लेडने तो पाइप कापला. मागे सगळा गाव उभा होता. संध्याकाळी नळाला पाणी आलं. माझे सासरे अमृतलाल शेठ, ज्यांच्या हातून चिमूटभर साखर फुकट सुटत नाही, त्यांनी दुकानासमोर परातभर साखर वाटली. म्हाताऱ्या बायका रतिलालच्या पाया पडल्या. मीही त्याच्याकडे बघत राहिले होते. असा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

चांगलं सांगायचं ते एवढंच.

पाया पडणाऱ्या त्या बायकांनी त्याचं वाटोळं केलं, असं माझी सासू हीराबाई म्हणायची. मला ते पटत नाही. बायका घरी जाऊन विसरल्या. विसरला नाही तो. त्या दिवशी चाखलेली चव त्याला परत हवी होती.

जालमसिंगनंतर त्यानेच इंद्रसिंगला सरपंच केलं. इंद्रसिंग मवाळ माणूस. शाळेला कुंपण घातलं, पाण्याच्या नव्या टाकीचं काम मंजूर करून आणलं. टाकीचे खांब उभे राहिले तेव्हाच स्वातंत्र्यदिन आला आणि झेंडावंदनाला इंद्रसिंगने रतिलालची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली नाही. मुद्दाम नाही, माणूस विसरला. रतिलाल झेंड्याला सलाम करून सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि सासऱ्यांना म्हणाला, "शेठ, याले उतारना पडी."

सासऱ्यांना वाटलं चेष्टा आहे. महिन्याभरात नोटीस गेली. त्यात लिहिलं होतं, 'मनमानी कारभार करणे, सदस्यांना विश्वासात न घेणे.' कशात मनमानी, ते काही लिहिलं नव्हतं. ठराव पास झाला. इंद्रसिंग त्या दिवशी पंचायतीच्या पायऱ्या उतरून आमच्या दुकानापाशी थांबला, पाणी मागितलं. ग्लास हातात धरून मला म्हणाला, "वहिनी, मन्ही चूक काय झायी, ते तरी कोणी सांगाले पाहिजे व्हतं." पुढे तो गावच्या चौकात दिसेनासा झाला. मग मुलाकडे बारडोलीला गेला, तो गेलाच.

टाकीचं काम थांबलं. नवा सरपंच आला की बँकेतल्या सह्या बदलायच्या, ठेकेदार जुन्या माणसाचं नाव सांगून हात वर करायचा. तो स्थिरावतो न स्थिरावतो तोच रतिलालच्या डोक्यात काहीतरी यायचं आणि तोही जायचा. टाकीचे चार खांब नुसतेच आभाळाकडे बघत उभे राहिले. त्यांना लोक म्हशी बांधायला लागले. रतिलाल स्वतः कधी सरपंच झाला नाही. नेहमी उपसरपंच. खुर्चीवर बसलं की आपल्यालाही कोणी खाली खेचू शकतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

आणि तो रोज आमच्या ओट्यावर. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की हजर. आमचा पेपर वाचायचा, आमचा चहा प्यायचा, आणि पंचायतीच्या दारातून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाबद्दल काहीतरी वाईट बोलायचा. माझा नवरा, त्याचं नावच तरुण, त्याच्यापुढे मान डोलवायचा. दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक पाटील गल्लीतलं होतं.

दोन हजार बावीसच्या निवडणुकीत सरपंच थेट लोकांनी निवडायचा होता आणि आमच्या गावाची खुर्ची आदिवासी बाईसाठी राखीव झाली. रतिलालने भिलाटीतून, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतून, बेबीबाईला उभं केलं. दर हंगामात गुजरातला ऊसतोडीला जाणारी बाई, नवरा वारलेला. आमच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "तिनी सही मन्हा खिसामा." त्याच दमात माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही शिकेल शेतस. महिलांनी एक जागा शे, फारम भरा." तरुणने माझ्याकडे न बघताच हो म्हटलं. मी बिनविरोध निवडून आले. रतिलालने मला का घेतलं, हे मला तेव्हाही कळत होतं. दुकानदाराची बाई. सांगेल तेव्हा हात वर करील.

पहिलं वर्षभर बेबीबाई खुर्चीच्या कडेवर बसायची, जणू कोणी उठ म्हणेल. बोलायचा रतिलाल. मग एका ग्रामसभेत भिलाटीतल्या बायकांनी विचारलं की आमच्या बकऱ्यांनी चरायचं कुठं? गायरान होतं कुठं? गायरानात रतिलालची पपई उभी होती. हे सगळ्यांना माहीत होतं, जसं पूर्वी विहिरीचं माहीत होतं. रतिलालने बायकांना हसून उडवून लावलं.  पण पुढच्या आठवड्यात तलाठी आणि ग्रामसेवकाला घेऊन बेबीबाई स्वतः गायरानात उभी राहिली आणि मोजणी करवून घेतली. अतिक्रमण काढायची नोटीस रतिलालच्या घरी गेली. अतिक्रमण सिद्ध झालं की सदस्यत्वही जातं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी ओट्यावर तो जे बोलला ते मी इथं लिहिणार नाही. बाईला, तिच्या जातीला, तिच्या मेलेल्या नवऱ्याला. शेवटी म्हणाला, "मी तिले सरपंच करं, मीच उतारसू."

पण कायद्याने निवडीनंतर दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. त्यातलं एक सरलं होतं; अतिक्रमणाच्या नोटिशीला तारखांवर तारखा घेत त्याने उरलेला काळ काढला. मुदत संपताच अविश्वासाची नोटीस तयार. वाचली तर तीच, 'मनमानी कारभार करणे, सदस्यांना विश्वासात न घेणे.' इंद्रसिंगच्या वेळचीच वाक्यं. मी घरात म्हटलं, मी सही करणार नाही. सासरे म्हणाले, "बेटा, आपण धंद्याची माणसं. सरपंच येतात आणि जातात, पाटील गल्ली इथंच राहणार आहे." सही मी केली नाही, पण माझ्या सहीवाचून नोटीस अडली नाही. सदस्यांच्या सभेत मात्र तीन चतुर्थांश हात लागणार होते, आणि त्यात माझा हात मोजलेला होता.

सभेच्या आधी सदस्यांना सापुताऱ्याला नेण्यात आलं. सहल म्हणायचं. दोन क्रूझर, बायकांबरोबर त्यांचे नवरे. निघताना एका कापडी पिशवीत सगळ्यांचे मोबाईल गोळा केले. मी जाणार नव्हते. तरुणने माझी बॅग भरून गाडीत ठेवली. हॉटेलात मी घरून नेलेले खाखरे खाल्ले आणि आमच्या जैन नेमाप्रमाणे दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही घेतला नाही. बाकीचे रस्सा ओरपत बेबीबाईच्या नकला करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या काठी रतिलाल माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. खुशीत होता. मी सरळ विचारलं, "भाऊ, बेबीबाईने केलं काय?"

"काय करं त्याले महत्त्व नही वहिनी," तो म्हणाला. "आपन काढू शकतस, हाई तिले समजाले पाहिजे."

"आणि नंतर?"

"सदस्यांनी पास करं की ग्रामसभामा मतदान व्हई. तठलं मी देखसू. मंग चार्ज मन्हाकडे. नवा जो येई, त्याले बी दोन वरीसनी देखूत." आणि तो हसला.

त्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये पाहिलेली मी. त्या हाताकडे बघून मला इतकी शिसारी आली की मी तिथून निघून खोलीत गेले. जालमसिंगने विहीर चोरली होती. याने विहिरीपेक्षा मोठं काहीतरी चोरलं होतं आणि त्याची फिर्याद करायलाही जागा नव्हती.

सभेच्या दिवशी क्रूझर थेट पंचायतीच्या दारात लागल्या. समोर आमचं दुकान, ओट्यावर सासरे. बाहेर एका बाजूला भिलाटी, दुसऱ्या बाजूला पाटील गल्ली, मधे पोलीस. आत बेबीबाई खुर्चीत पूर्ण टेकून बसली होती. तहसीलदारांनी ठराव वाचला, तिला बोलायला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मी गायरान मोजं. दुसरं काही नही."

"ठरावाच्या बाजूने ज्यांना मत द्यायचं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. माझे दोन्ही हात मांडीवर होते. रतिलालने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, इतकी त्याला खात्री. मग तहसीलदार मोजताना थांबले, तसा तो वळला.

"वहिनी!"

"कोणी कोणाला बोलायचं नाही," तहसीलदार म्हणाले.

एक हात कमी पडला. ठराव फेटाळला. बाहेर भिलाटीत ढोल वाजायला लागला आणि मी उठले तेव्हा वेल्डिंगचं काम करणाऱ्या सलाउद्दीनने, तोही सदस्य आणि त्याचाही हात खालीच होता, खुर्ची सरकवून मला वाट करून दिली. रतिलाल जाताना माझ्यापाशी वाकून म्हणाला, "आते दुकान चालाडी दाखाड."

त्याने बोललेलं खरं केलं. पाटील गल्लीने आमच्याकडून मीठसुद्धा घेणं बंद केलं. बायका शहाद्याहून किराणा आणायला लागल्या, भाडं घालून. एका सकाळी शटरवर डांबर फासलेलं होतं. मी ते रॉकेलने घासत होते तेव्हा समोरून जाणाऱ्या, माझ्या हातचा चहा प्यालेल्या बायकांपैकी एकही थांबली नाही. तरुण माझ्याशी कित्येक दिवस बोलला नाही. सासरे बोलायचे, पण फक्त दुकानाचं. बेबीबाईच्या पत्र्यावर दगड पडले. दोनदा.

इथंच गोष्ट संपली असती तर मी छाती पुढे काढून सांगितली असती.

ठराव फेटाळला गेला की पुन्हा दोन वर्षं तो आणता येत नाही. हे बेबीबाईला कोणीतरी नीट समजावून सांगितलं असावं. हळूहळू तिची बोलण्याची ढब बदलली. मासिक सभेला ती उशिरा यायला लागली. प्रश्न विचारला तर आपल्या भाच्याकडे बघायची, आणि तो भाचा धुडकू, ज्याचा पंचायतीशी काही संबंध नाही, तो उत्तर द्यायचा. गायरानातली पपई तुटली, रतिलालचं सदस्यत्वही गेलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण गायरानाच्या एका कोपऱ्यात धुडकूच्या विटा रचलेल्या दिसल्या, तेव्हा मात्र मी चपापले.

या उन्हाळ्यात रतिलाल बऱ्याच महिन्यांनी ओट्याशी आला. वर चढला नाही. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन लटकवलेले.

"वहिनी, आमनी गल्लीमा पानी येत नही."

मी हिशेबातून मान वर केली नाही.

"या येळले खरं शे," तो म्हणाला. "मन्ही गोष्ट सोडा. म्हाताऱ्या बाया हंडा लई फिरी ऱ्हायन्यात. कोणी माले इचारत नही. तहसीलले गऊ, त्या हसनात. म्हने, पाटील, तुम्हनं नेहमीनंच शे."

मला आनंद झाला, हे खरं सांगते. माझ्या तोंडावर तो त्याला दिसला असेल. तरी दुपारी मी डोक्यावर पदर घेऊन पाटील गल्लीत गेले. ज्या घरांनी माझं मीठ बंद केलं होतं त्यांच्या अंगणातले नळ एकेक करून उघडून पाहिले. कोरडे. दारात उभ्या बायका माझ्याकडे शत्रू बघावा तशा बघत होत्या, पण कोणी हाकललं नाही.

तिथून मी बेबीबाईकडे गेले. ती खाटेवर बसली होती, धुडकू मोबाईल बघत शेजारी.

"पाइपना वॉल खराब शे," ती म्हणाली.

"वॉल पाहून आले मी. बंद केलाय."

 ती म्हणाली, "शेठाणी, तुम्ही हात वर करा नही, ते माले याद शे. पन मन्हा पत्रावर दगड कोणी टाका? त्याच गल्लीनी ना? पिऊ दे त्यासले झिरानं पानी. आम्ही किती वरीस पिनूत."

"दगड टाकणाऱ्यांवर तक्रार कर. मी साक्ष देते. पाणी सोड."

"नही सोडं तर?" धुडकू मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला. "आते दोन वरीस कोणी हात लावू शकत नही."

 याच भिलाटीच्या बायका जालमसिंगच्या वेळी झिऱ्यावर माझ्या पुढे-मागे उभ्या असायच्या. बेबीबाईसुद्धा असेल. मी तिला म्हटलं, "बेबीबाई, तुला वाचवलं ते यासाठी नाही." ती म्हणाली, "वाचाडं? माले लोकसनी निवडं व्हतं शेठाणी." आणि तेही खरं होतं.

मग माझ्या हातात काय होतं? अविश्वास आणता येत नव्हता, आणि आणता आला असता तरी चार्ज कोणाकडे गेला असता, कोणास ठाऊक. मी पाटील गल्लीत परत गेले आणि म्हटलं, उद्या सकाळी रिकामे हंडे घेऊन पंचायतीच्या पायऱ्यांवर बसायचं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पुरुष म्हणाले, ही शेठाणी परत काहीतरी डाव करतेय. पण सकाळी बायका आल्या. मी दुकानातून उठून त्यांच्यात जाऊन बसले. सलाउद्दीनही वर्कशॉप बंद करून आला, त्याची बायको नईमा हंडा घेऊन आली, त्यांच्या गल्लीत पाणी येत होतं तरी. कोणी घोषणा दिली नाही. माझ्याशीही कोणी बोललं नाही. पाटलांच्या बायकांनी आपापसात डबे उघडले, मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीही बसलो. मग भिलाटीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या आल्या, पायरीवर बसल्या, आणि त्यांच्यातली एक पंचायतीतल्या बेबीबाईच्या खोलीकडे तोंड करून तिला आईवरून शिव्या द्यायला लागली. पाण्यावरून कोणाला तरसवायचं नसतं, असं तिचं म्हणणं होतं, पण ते शिव्यांमधून शोधून काढावं लागत होतं. दुपारी वॉल उघडला. बेबीबाई बाहेर आली नाही. धुडकू आला, आमच्या सगळ्यांकडे बघून थुंकला आणि निघून गेला.

संध्याकाळी पाटील गल्लीत पाणी आलं. या वेळी कोणी साखर वाटली नाही.

आठवड्यात गावभर चर्चा झाली की पाणी रतिलालने आणलं. त्याने तहसीलला खेटे घातले, वरून फोन लावला, म्हणून वॉल उघडला. हे तो स्वतः सांगत होता, आणि पाटील गल्लीतल्या ज्या बायका माझ्या शेजारी दोन दिवस उन्हात बसल्या त्याही मान डोलवत होत्या. बेबीबाई मला सभेत आता नावाने हाक मारत नाही. किराणा अजून शहाद्याहूनच येतो.

परवा रतिलाल ओट्यावर चढला. जुन्या हक्काने पेपर उचलला.

"वहिनी, पुढला साली ती दोन वरीसनी मुदत संपी ऱ्हायनी," तो म्हणाला. "आतेपासून माणसं धरना पडी. तुम्हनी सही पहिली. या येळले तं तुम्हीच देखं, ती कशी शे ती."

मी पाहिलं होतं. तो जे म्हणत होता त्यातला एकही शब्द मी खोटा म्हणू शकत नव्हते. पुढच्या वर्षी धुडकूची घरं गायरानात उभी राहिली, पुन्हा कोणाचं पाणी तोडलं गेलं, तर माझा हात वर जाईल. जायलाच हवा. आणि तो वर गेला की समोरच्या खुर्चीत याचाच कोणी माणूस येऊन बसेल, हे मला दिसत होतं.

"पेपर ठेवा," मी म्हटलं.

"काय?"

"पेपर ठेवा आणि खाली उतरा. माझी सही कुठं करायची ते मी बघीन. तुमच्या गाडीत बसून मी तहसीलला जाणार नाही. या ओट्यावर पुन्हा चढायचं नाही."

तरुण आतून धावत आला, "अगं, काय बोलतेस भाऊंना!" सासरे गल्ल्यावर बसले होते, त्यांनी तरुणचा हात धरून त्याला थांबवलं. का थांबवलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

रतिलाल उतरला. पेपर घडी न करता पायरीवर टाकून दिला. साठीकडे झुकलेला माणूस, पण पाठ अजून ताठ. रस्ता ओलांडून तो सलाउद्दीनच्या वर्कशॉपमध्ये शिरला. वेल्डिंगच्या ठिणग्या थांबल्या. मला इथूनही त्याचा आवाज ऐकू येत होता, माईक न लागणारा. सलाउद्दीनला तो बेबीबाईचं पाणी सांगत होता, धुडकूच्या विटा सांगत होता. सगळं खरं सांगत होता. मला त्याचा इतका राग आला की मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत जाऊन बसले.